सिस्टरचे इंग्रजी आणि रुग्णाचे इंग्रजी

मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने स्थलांतराविषयी श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली आणि कुशल कामगारांच्या व्हिसासाठी लागणारी इंग्रजीची किमान पातळी ‘बी१’ वरून ‘बी२’ वर नेण्याचा मनोदय जाहीर केला. त्याच वर्षी २२ जुलैपासून परदेशातून नवे केअर वर्कर, म्हणजे केअर होममध्ये किंवा घरोघरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करणारे कर्मचारी, आणण्याचा मार्गही त्या देशाने बंद केला. आपल्याकडे अशा बातम्या ज्या घरांत बारकाईने वाचल्या जातात, तिथे बहुधा एखादी मुलगी जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली असते, आणि तिच्या आईवडिलांचा प्रश्नही ठरलेला असतो: ‘हिची पुस्तके इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, वॉर्डातल्या केस-पेपरवरचा शब्द न् शब्द इंग्रजीत, मग आता हिला पुन्हा इंग्रजीचा क्लास कशासाठी?’

हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, कारण तिला जे इंग्रजी येते आणि रुग्णाच्या उशाशी जे इंग्रजी लागते, त्या जवळजवळ दोन निराळ्या भाषा आहेत. ही दुसरी भाषा शिकवण्याची एक स्वतंत्र शाखा गेल्या काही दशकांत उभी राहिली असून तिला व्यावसायिक इंग्रजी प्रशिक्षण म्हणतात. व्यवसायाच्या रोजच्या कामातून भाषा उचलायची आणि त्या कामासाठीच ती शिकवायची, एवढाच त्या नावाचा अर्थ.

बातमीतल्या ‘बी१’, ‘बी२’ या अक्षरांचा उलगडा आधी करू. भाषा किती येते हे मोजण्यासाठी युरोपात सहा पायऱ्यांची एक शिडी वापरतात. ‘ए१’ ही सर्वांत खालची पायरी आणि ‘सी२’ ही सर्वांत वरची. ‘बी१’वरचा माणूस प्रवासात, दुकानात, ओळखीच्या विषयात निभावून नेतो, ‘बी२’वरचा माणूस आपले म्हणणे कारणे देऊन मांडू शकतो. नोंदणीकृत नर्सकडून तिथली नियामक संस्था जे मागते ते साधारणपणे याच्याही वरच्या, ‘सी१’च्या आसपासचे असते. म्हणजे व्हिसाची अट वाढली म्हणून नर्सला नवे संकट आले असे नाही. तिच्यापुढची चढण आधीपासूनच उंच होती.

आधी आपल्याच वॉर्डात डोकावू

मुंबई-पुण्यातल्या रुग्णालयात कधी आठ दिवस काढलेल्या कोणालाही केरळहून आलेली सिस्टर आठवेल. तिचे शिक्षण उत्तम, हात हलका, इंजेक्शन कधी दिले ते कळतही नाही. तिचा या शहरातला पहिला महिना डोळ्यांसमोर आणा. जुन्नरकडचे एक आजोबा खाटेवर उठून बसतात आणि म्हणतात, ‘सिस्टर, जीव घाबरा होतोय.’ शेजारच्या खाटेवरच्या बाई सांगतात, ‘पोटात गोळा आलाय, अन् दोन दिवस परसाकडं झालं नाही.’ तिसऱ्याच्या पायाला मुंग्या आलेल्या असतात, चौथ्याच्या अंगात कणकण असते, पाचव्याला कसेतरीच होत असते.

यांतला एकही शब्द तिच्या पुस्तकात नाही. ‘जीव घाबरा होतोय’ याचा अर्थ गॅस असेल, निव्वळ भीती असेल, किंवा हृदयविकाराचा झटकाही असेल, आणि त्यांतले काय आहे हे ओळखण्यासाठी पुढचा प्रश्न कोणता विचारायचा ते तिला पक्के ठाऊक असते. अडचण अशी की तो प्रश्न विचारावा अशी वेळ आली आहे, हेच तिला त्या वाक्यातून कळत नाही. ज्ञान तिच्याकडे असते, पण त्या ज्ञानापर्यंत पोहोचणारे दार अनोळखी शब्दांनी बंद झालेले असते. या सिस्टर पुढे वर्षभरात रुग्णांकडूनच मराठी उचलतात आणि सफाईने बोलू लागतात, हे आपण पाहतोच. पण त्या वर्षात काय काय निसटून जात असेल, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. नागपूरची किंवा कोल्हापूरची नर्स जेव्हा लीड्सच्या किंवा मेलबर्नच्या वॉर्डात उभी राहते, तेव्हा ती नेमकी याच जागी असते.

पुस्तकातले इंग्रजी कुठे अपुरे पडते

‘मिक्चुरिशन’ (लघवी होणे), ‘डिस्प्निया’ (धाप लागणे), ‘एडिमा’ (सूज) हे शब्द आपल्या नर्सला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. ब्रिटनमधल्या ऐंशी वर्षांच्या आजीला मात्र यांतला एकही शब्द येत नाही. तिला लघवीला जायचे असेल तर ती ‘स्पेंड अ पेनी’ म्हणेल, कारण एकेकाळी तिथल्या सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दाराला एक पेनीचे नाणे टाकावे लागे. मूत्रमार्गाची तक्रार असेल तर ती ‘वॉटरवर्क्स’ बिघडल्याचे सांगेल. बरे नसेल तर ती ‘पुअर्ली’ असेल. आपल्या पायाला मुंग्या येतात, तिच्या पायाला ‘पिन्स अँड नीडल्स’, म्हणजे टाचण्या-सुया, येतात.

सगळ्यांत फसवा प्रकार ‘फनी टर्न’. आजी म्हणतात, ‘आय हॅड अ फनी टर्न धिस मॉर्निंग.’ नुकतीच आलेली नर्स ‘फनी’ एवढेच ऐकते, काहीतरी गंमत झाली असे समजून हसते आणि पुढच्या खाटेकडे जाते. वास्तविक आजींना सकाळी घेरी आली होती, क्षणभर शुद्ध हरपल्यासारखे झाले होते, आणि त्या वयात तो पक्षाघाताच्या लहान झटक्याचा इशाराही असू शकतो.

कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक उपयुक्त भेद मांडला. परक्या देशात आलेली मुले गप्पांची भाषा साधारण दोन वर्षांत शिकतात, पण अभ्यासाची भाषा मुरायला पाच ते सात वर्षे लागतात, आणि मूल फाडफाड बोलते म्हणून त्याला धडाही कळतो असे शिक्षकांनी समजू नये, असे त्यांचे सांगणे होते. आपल्या नर्सच्या बाबतीत हे चित्र उलटे आहे. तिची अभ्यासाची भाषा तयार असते आणि गप्पांचीच कच्ची राहिलेली असते, कारण कॉलेजात व्याख्यान इंग्रजी-मराठीच्या मिश्रणात झाले, नोट्स इंग्रजीत उतरवल्या, आणि रुग्णाशी मात्र सगळे आयुष्य मराठीत किंवा हिंदीत बोलणे झाले. ‘आम्ही इंग्रजीतूनच शिकलो’ हे विधान खरे असले, तरी ते कागदापुरते खरे असते. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नोंदणी परिषदेने, बहुसंख्य लोक इंग्रजी बोलतात अशा देशांची जी यादी केली आहे तिच्यात भारत नाही. याचा राग येणे स्वाभाविक आहे. पण वॉर्डात रुग्णाशी कोणत्या भाषेत बोललात, असे प्रामाणिकपणे विचारले तर आपले उत्तर काय असेल, हेही ठाऊक आहे.

मग शिकवतात तरी काय?

नेहमीच्या इंग्रजीच्या क्लासात काळ, प्रयोग, शब्दयोगी अव्यये अशा क्रमाने धडे असतात. इथे धडा ड्युटीच्या क्रमाने चालतो. दाखल होणाऱ्या रुग्णाला काय विचारायचे, शिफ्ट बदलताना पुढच्या नर्सला रुग्णांची माहिती, म्हणजे ‘हँडओव्हर’, कशी द्यायची, चिडलेल्या नातेवाइकाला कसे सामोरे जायचे, रुग्ण पडला तर घटनेची नोंद कशी लिहायची. व्याकरण येते, पण कामाच्या पाठोपाठ येते. भूतकाळ शिकवायचा तर ‘काल रात्री काय काय झाले’ हा हँडओव्हर द्यायला लावतात. त्यात भूतकाळाशिवाय पानही हलत नाही.

ऐकणे हा यातला सर्वांत अवघड भाग. हँडओव्हर भरधाव असतो, त्यात आद्याक्षरांची रेलचेल असते आणि बोलणारी बारा तासांची ड्युटी संपवून घरी जायच्या घाईत असते. आकड्यांचा घोळ तर जीवघेणा ठरू शकतो. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरक फोनवर जवळपास पुसला जातो, म्हणून औषधाची मात्रा सांगताना ‘वन-फाइव्ह’ किंवा ‘फाइव्ह-झीरो’ असे अंक सुटे करून म्हणायची आणि ऐकणाऱ्याने ते जसेच्या तसे परत वाचून दाखवायची शिस्त घोटून घेतली जाते. आपल्याकडे बँकेत रक्कम अंकांत आणि अक्षरांत अशी दोनदा लिहून घेतात, त्यातलाच हा प्रकार. लिहिण्यातही असेच सापळे आहेत. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये वापरू नयेत अशा संक्षेपांची यादीच काढली. तिच्यात ‘एमएस’ आहे, कारण ते मॉर्फिन सल्फेटही असू शकते आणि मॅग्नेशियम सल्फेटही. पूर्णांकापुढे दशांशचिन्ह देऊन शून्य लिहिण्यालाही तिथे मनाई आहे, कारण तो ठिपका दिसला नाही तर मात्रा एकदम दहापट होते.

आता एक धडा जवळून पाहू. समजा, रात्रीचे तीन वाजले आहेत, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा रक्तदाब उतरतो आहे आणि नर्सला झोपलेल्या डॉक्टरला फोन करायचा आहे. यासाठी जगभर एक साचा शिकवतात, त्याचे नाव ‘एसबार’. तो मूळचा अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांतला. पुढे २००० नंतरच्या काळात कैसर परमनेंटे या आरोग्यसंस्थेने तो रुग्णालयात आणला. त्याचे चार टप्पे आहेत: आत्ता काय घडते आहे, आधीची पार्श्वभूमी काय, मला काय वाटते, आणि तुम्ही काय करावे. पहिले तीन टप्पे आपल्या मुली लवकर आत्मसात करतात. चौथ्यापाशी आवाज खाली येतो. ‘सर, पेशंट थोडा बरा वाटत नाही, म्हणून आपलं कळवलं,’ याचे इंग्रजी करून त्या थांबतात आणि डॉक्टर स्वतःहून ‘येतो’ म्हणतील याची वाट पाहतात. समोरचा ‘ओके, थँक्यू’ म्हणून फोन ठेवून देतो. त्याच्या दृष्टीने त्याला फक्त माहिती दिली गेली, बोलावले कोणी?

आपल्या रुग्णालयात नर्सने डॉक्टरला ‘तुम्ही ताबडतोब या’ असे सांगणे आगाऊपणाचे समजले जाते. तिथे ते न सांगणे ही चूक ठरते. ‘आय नीड यू टू कम अँड सी धिस पेशंट नाउ’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने आठवी-नववीचे आहे. ते तोंडातून बाहेर पडायला मात्र कधी कधी महिने लागतात, म्हणून क्लासात ते दहा-दहा वेळा मोठ्याने म्हणून घेतात. माझ्या मते या प्रशिक्षणाची खरी किंमत या एका वाक्यात आहे, आणि ती कोणत्याही शब्दसंग्रहाच्या पुस्तकात मिळत नाही.

याच्या उलट बाजूची अडचण रुग्णाशी बोलताना येते, आणि तिचे मूळ चक्क मराठीच्या गोडव्यात आहे. आपण ‘बसा’, ‘कुशीवर वळा’, ‘हात वर करा’ म्हणतो तेव्हा आदर क्रियापदाच्या रूपातच असतो. वेगळे ‘कृपया’ लावायची गरज नसते, लावले तर उलट सरकारी पाटी वाचल्यासारखे वाटते. इंग्रजी क्रियापदाला ही सोय नाही. ‘बसा’चे ‘सिट’ केले की आदर वाटेतच गळून पडतो आणि ऐकणाऱ्याला ‘बस’ असे ऐकू जाते. मग रुग्ण तक्रार करतो की परदेशी नर्स तोडून बोलते, आणि त्या बिचारीला कळत नाही की आपले चुकले कुठे. तो आदर ‘कुड यू जस्ट’, ‘वुड यू माइंड’, ‘शॅल वी’ अशा सुट्या शब्दांतून नव्याने बांधावा लागतो, आणि त्यासाठी सराव लागतो, वाईट वाटून घेऊन भागत नाही.

परीक्षांचे कोडे: आयईएलटीएस की ओईटी?

कोचिंग क्लासच्या जाहिरातींत ही दोन नावे हमखास दिसतात. आयईएलटीएस ही सर्वांसाठीची परीक्षा आहे. इंजिनिअर, विद्यार्थी, नर्स सगळे तीच देतात. तिच्या ॲकॅडेमिक प्रकारात आलेख पाहून वर्णन करावे लागते आणि एखाद्या सामाजिक प्रश्नावर निबंध लिहावा लागतो. गुण ९ पर्यंतच्या पट्ट्यांत, म्हणजे बँडमध्ये, देतात.

ओईटी, म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, ही फक्त आरोग्यक्षेत्रासाठी आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात, मेलबर्न विद्यापीठातील भाषाविद टिम मॅकनामारा यांच्या पुढाकाराने तिची घडण झाली, कारण तिथे स्थलांतरित डॉक्टर आणि नर्स यांना पारखायचे कसे, हा प्रश्न सरकारपुढे होता. आज बारा व्यवसायांसाठी ती घेतली जाते. त्यांत पशुवैद्यही आहेत. नर्सला लेखनाच्या भागात निबंध नसतो. रुग्णाच्या नोंदी हातात देतात आणि त्यांतून नेमके तेवढेच वेचून, १८० ते २०० शब्दांचे, बहुधा रुग्णाला दुसरीकडे पाठवताना द्यायचे पत्र लिहायला सांगतात. यात कस लागतो तो काय लिहायचे याचा नव्हे, काय वगळायचे याचा. बोलण्याच्या भागात समोरचा माणूस रुग्ण किंवा नातेवाईक होतो. दोन-तीन मिनिटे तयारीला, मग पाचेक मिनिटांचे संभाषण, आणि असे दोनदा. २०१८ पासून यात भाषेबरोबरच रुग्णाशी नाते कसे जोडले, त्याचे म्हणणे समजून घेतले का, माहिती टप्प्याटप्प्याने दिली का, यालाही गुण आहेत.

ब्रिटनच्या नोंदणी परिषदेने नोव्हेंबर २०१७ पासून ओईटी मान्य केली. त्याआधी आयईएलटीएसमध्ये चारही भागांत ७ मिळवणे सक्तीचे होते, आणि रात्रपाळ्या करून परीक्षा देणाऱ्या कितीतरी अनुभवी नर्स लेखनातल्या अर्ध्या बँडवर अडकून पडत.

अटी सैल केल्या म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ नव्हे का?

हा आक्षेप ब्रिटनमध्ये नेहमी घेतला जातो आणि त्यामागे एक वेदनादायक प्रसंग आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये केंब्रिजशरमध्ये, जर्मनीहून शिफ्टपुरता आलेल्या एका डॉक्टरने एका रुग्णाला डायमॉर्फिन या वेदनाशामकाची दहापट मात्रा दिली आणि रुग्ण दगावला. तो डॉक्टर ब्रिटनमध्ये एका ठिकाणी इंग्रजीच्या चाचणीत अनुत्तीर्ण झाला होता आणि दुसऱ्या ठिकाणी चाचणीविना यादीत आला होता. चूक औषधाच्या अपरिचयाची होती, केवळ भाषेची नव्हे. तरी युरोपीय डॉक्टरांना भाषेची तपासणी लागू नसण्याची पळवाट त्यातून उघडी पडली. २०१४ मध्ये कायदा बदलून ती डॉक्टरांसाठी बुजवली, आणि जानेवारी २०१६ पासून युरोपीय नर्सनाही भाषाज्ञानाचा पुरावा लागू झाला.

मग डिसेंबर २०१८ मध्ये आयईएलटीएसच्या लेखनाची अट ७ वरून ६.५ वर आणली, ती का? कारण ती फक्त लेखनाची होती. ऐकणे, वाचणे आणि बोलणे यांचा ७ जागेवरच राहिला, आणि रुग्णाचा जीव प्रामुख्याने या तिन्हींवर अवलंबून असतो. निबंधातील परिच्छेदांची बांधणी अर्ध्या बँडने कमी पडली म्हणून कोणी रुग्णाला चुकीचे औषध देत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून आणखी एक दार उघडले: परीक्षेत थोडक्यात हुकलेल्या आणि तिथेच सहायक म्हणून काम करत असलेल्या नर्सबद्दल तिच्या मालकसंस्थेचा लेखी पुरावाही विचारात घेतात. दोन वर्षे जी रोज वॉर्डात बोलते आहे तिचे बोलणे वॉर्डातच तपासणे, हे मला तरी शहाणपणाचे वाटते.

आधी भाषा, मग काम. की दोन्ही एकदम?

इथून अटलांटिक ओलांडून अमेरिकेत जावे लागेल, कारण तिथला प्रश्न वेगळ्या थरातला आहे. २०१८ च्या आकडेवारीनुसार तिथल्या डॉक्टरांपैकी २८ टक्के आणि घरी जाऊन सेवा करणाऱ्या होम हेल्थ एडपैकी ३८ टक्के परदेशात जन्मलेले होते. या दुसऱ्या गटातील पुष्कळ जणांकडे पदवी नसते आणि इंग्रजीही कामापुरतेच असते. त्यांना वर चढायचे तर सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट ही पहिली पायरी. त्यासाठी संघराज्याच्या नियमाप्रमाणे किमान ७५ तासांचे प्रशिक्षण लागते. पण वर्गात बसण्याइतके इंग्रजी नाही, म्हणून आधी भाषेचा वर्ग. तो दोन वर्षे चालणार. तोवर घरभाडे थांबत नाही, दुसरी नोकरी धरावी लागते आणि वर्ग सुटतो. भाकरी शिकायला आलेल्या मुलीला वर्षभर नुसते पीठ चाळायला लावावे, तसला हा प्रकार.

वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांनी २००४ च्या सुमारास यावर एक वेगळा तोडगा काढला. ‘आय-बेस्ट’ नावाच्या या पद्धतीत एका वर्गात दोन शिक्षक असतात, एक व्यवसायाचा आणि एक भाषेचा, आणि निदान निम्मा वेळ तरी दोघे बरोबर शिकवतात. नाडी कशी मोजायची हे नर्स दाखवते. ‘आता मी तुमचे मनगट धरते आहे’ हे रुग्णाला कसे सांगायचे, ते त्याच क्षणी भाषेचा शिक्षक घोटून घेतो. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी केलेल्या पाहणीत या वर्गांतले विद्यार्थी त्यांच्यासारख्याच इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेत अधिक प्रमाणात प्रमाणपत्रापर्यंत पोहोचल्याचे दिसले. पुढे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून केलेल्या अधिक कडक अभ्यासातही प्रमाणपत्रे वाढलेली आढळली, कमाईत मात्र तसा स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणजे पद्धत चालते. पण त्या नोकऱ्यांचा पगारच तुटपुंजा असेल, तर त्याला भाषेचा शिक्षक काय करणार?

याच देशात उलट टोकाची मंडळीही आहेत: मायदेशी डॉक्टर किंवा दंतवैद्य असलेली, आणि इथे मिळेल ते काम करणारी. त्यांच्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोत २००१ मध्ये ‘वेलकम बॅक’ हा उपक्रम सुरू झाला. तिथे भाषेच्या धड्याइतकेच महत्त्व परवान्याच्या कागदपत्रांची वाट दाखवण्याला आहे.

मोबाईलमध्ये भाषांतर असताना हा खटाटोप कशाला?

१९८० साली फ्लोरिडात एका अठरा वर्षांच्या तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले. क्यूबातून आलेल्या त्याच्या घरच्यांनी ‘इंटॉक्सिकाडो’ हा स्पॅनिश शब्द वापरला. त्यांना म्हणायचे होते की पोटात काहीतरी बाधक गेले असावे. तो शब्द ‘इंटॉक्सिकेटेड’ असा, म्हणजे नशा केल्याचा, समजला गेला आणि उपचार त्या दिशेने झाले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले आणि रुग्णालयाच्या बाजूने ठरलेली भरपाई ७.१ कोटी डॉलरच्या घरात गेली. शब्दाला शब्द ठेवून भागत नाही, हे यंत्र येण्यापूर्वीचे उदाहरण यंत्रालाही लागू आहे. अमेरिकेच्या २०२४ च्या आरोग्यविषयक नियमांनुसार मजकूर महत्त्वाचा असेल तर यंत्राने केलेले भाषांतर पात्र माणसाने तपासावे लागते. शिवाय आजी ‘फनी टर्न’ म्हणतात तेव्हा नर्सला शंकाच आली नाही, तर ती मोबाईल काढणार तरी कशाला?

उच्चार बदलावे लागतात का?

नाही. परीक्षेत गुण असतात ते बोलणे समजते की नाही याला, आणि इंग्लंडमधल्या वॉर्डात स्कॉटिश, आयरिश, नायजेरियन, फिलिपिनो असे सगळे उच्चार नांदत असतात. आपण सुधारायचे ते फक्त अर्थ बदलणारे. मराठी माणूस ‘वेळ’ विचारणारा ‘व्हेन’ आणि शिरेला म्हणायचा ‘व्हेन’ एकसारखेच उच्चारतो. रक्त काढताना हा घोळ बरा नव्हे. बाकी जिभेला वळण देण्याचे महागडे क्लास ज्यांना परवडतात त्यांनी खुशाल लावावेत.

खर्च कोणाच्या माथी?

बहुतेक वेळा नर्सच्याच. परीक्षेचा निकाल साधारण दोन वर्षेच ग्राह्य धरतात, त्यामुळे कागदपत्रे रेंगाळली तर परीक्षा पुन्हा आणि फीसुद्धा पुन्हा. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालये चालवणाऱ्या काही ट्रस्टांकडून परीक्षेचे पैसे परत मिळतात, तेव्हा नोकरीचा करार करताना हे स्पष्ट विचारून घ्यावे. न्यूयॉर्कमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या ११९९ या कामगार संघटनेने १९६९ मध्येच मालकांशी करार करून शिक्षणनिधी उभा केला. मालकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या या निधीतून इंग्रजीचे वर्गही भरतात. पैसा कोणी घालायचा याचे इतके सरळ उत्तर दुसरीकडे क्वचित सापडते: ज्याला तयार माणूस हवा, त्याने. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा भाषा जर्मन असली तरी प्रश्न हाच होता.

आणि परीक्षा सुटल्यावर? तिथे पोहोचल्यावरचे पहिले सहा महिने परीक्षेपेक्षा अवघड जातात, असे गेलेल्या बहुतेक जणी सांगतात. खिशात छोटी वही ठेवायची, रुग्णाचा नवा शब्द ऐकला की देवनागरीत जसा ऐकू आला तसा उतरवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत तिथल्या सहकारी बाईला अर्थ विचारायचा, ही युक्ती कोणत्याही क्लासाइतकी उपयोगी पडते. हँडओव्हरमध्ये न कळलेल्या गोष्टीला मान डोलावण्याची सवय मात्र आपल्याला शाळेपासून लागलेली असते, आणि ती मोडण्यासाठी चांगल्या वर्गात पहिल्याच दिवशी एक वाक्य पाठ करून घेतात: ‘सॉरी, वॉज दॅट वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?’